चेरींची अढी

आज जे सांगायला बसलेय ना, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवगडच्या बहिणीशी दर रविवारी तासभर फोन चालतो – तिलाही नाही. देवासमोरसुद्धा हा विषय मी आडून आडूनच काढलाय. पण सुरुवात मात्र मी माझ्या चेरींच्या कौतुकानंच करणार. राग आला तर येऊ द्या. स्वभावच तसा आहे माझा, आणि या सगळ्याचं मूळही त्या स्वभावातच आहे.

तर – न्यू जर्सीत, पार्सिपनीला, आमच्या घरामागे चेरीचं एक झाड आहे. गोड चेरीचं. जूनमध्ये तुम्ही आमच्याकडे आलात तर मी तुम्हाला हातात वाडगा देऊन झाडाखाली उभं करीन, आणि मग तुम्ही दुकानातली चेरी पुन्हा तोंडात घालणार नाही. हे मी म्हणत नाही, अख्खं मराठी मंडळ म्हणतं. ज्यांच्या घरी चेरीचं झाड आहे अशा सगळ्यांचे जून लागला की मला फोन येतात. “वैशाली, काढायच्या का गं?” फोटो पाठवतात. मी फोटो बघतच नाही. फोटोवरून चेरी कळत नाही.

कशी कळते? ऐका, फुकट सांगते. लाल झाली म्हणजे पिकली, असं ज्याला वाटतं त्यानं झाडापासून लांब राहावं. लाल म्हणजे नुसती सुरुवात. तो लाल रंग हळूहळू काळपट व्हायला लागतो, आपल्या जांभळाच्या जवळ जायला लागतो, आणि देठाजवळ कुठेही फिका डाग उरत नाही – तेव्हा कान टवकारायचे. शेवटच्या आठवड्यात चेरी फुगते. खरंच फुगते, काल आणि आज यात फरक दिसतो. बोटांत धरून किंचित दाबली तर टणक लागते, पण दगड नाही. देठ धरून वर उचलत जरा पीळ दिला की अलगद हातात येते, ओढावी लागत नाही. ओढावी लागली तर समजा, ती तुम्हाला ‘अजून नाही’ म्हणतेय. आणि ओढताना देठाच्या बुडाशी असतो तो छोटा खुंट मोडलात तर पुढच्या वर्षीचं फळही घालवून बसाल. पक्षी यायला लागले की वेळ जवळ आली. जोराचा पाऊस येणार असेल तर आदल्या दिवशी काढा, कारण पिकलेली चेरी पाण्यानं तडकते. पण या सगळ्याच्या वर एकच गोष्ट – रोज एक खायची. झाडाच्या वेगवेगळ्या बाजूची. ज्या दिवशी एकीवर थांबता येत नाही, त्या दिवशी काढायच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं – चेरी तोडल्यावर पिकत नाही. झाडावरून उतरली की संपलं. जेवढी गोड झाली तेवढीच. आंब्यासारखं नाही.

आंब्यासारखं नाही, हे वाक्य मी आता किती सहज बोलते! हे वाक्य शिकायला काय लागलं ते सांगायचंय. म्हणजे – काय लागलं, आणि कुणाला.

मी देवगडची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हापूसची बाग. मी चालायला लागले ती आंब्याच्या झाडांखाली, आणि हे मी शेखी मिरवायला सांगत नाही – बरं, थोडं मिरवायलाच सांगतेय. आंब्याचे खांदे भरले, देठाशी खळगा पडला की तो तयार झाला, एवढं मला पहिलीत कळत होतं. तयार झालेला आंबा हिरवाच उतरवायचा, पेंढ्यात अढी लावायची, आणि मग घरभर वास सुटेपर्यंत कळ काढायची. झाडावर पिकायची वाट पाहतो तो आंबेवाला नव्हे, असं आमच्याकडे सगळ्यांचं पक्कं मत. फळ म्हणजे अढी. हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की दुसरं काही असू शकतं असा विचारही शिवला नव्हता.

पार्सिपनीचं घर घेतलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा ईशान तेव्हा सहावीत होता. घर घेण्याआधी बघायला गेलो तेव्हा मिलिंद – माझा नवरा – बेसमेंट, छप्पर, बॉयलर बघत होता आणि मी मागच्या अंगणातल्या त्या झाडासमोर उभी होते. घर घ्यायचं की नाही हे मी तिथेच ठरवलं. पहिल्याच जूनमध्ये झाड नुसतं लगडलं. आणि मी काय केलं? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण टाकलं. येत्या शनिवारी आमच्याकडे चेरी पार्टी, सगळ्यांनी यायचं, घरी नेण्यासाठी डबे आणायचे. आणि शेवटी लिहिलं – बागायतदाराची लेक आहे, फळ कधी काढायचं ते मला शिकवू नका.

लिहिलं हो मी असं. शिकवायला कोण आलं होतं? शेजारची कॅरल आली होती. सत्तरीची, एकटी राहणारी, तिचं आयुष्य त्याच गल्लीत गेलेलं. कुंपणापाशी येऊन ती बिचारी म्हणाली की अजून आठ-दहा दिवस तरी जाऊ दे, रोज एक चाखत जा. मी तिला हसून थँक यू म्हटलं आणि मनात म्हटलं, तू मला फळ शिकवणार? मला? त्या आठवड्यात ती तिच्या लेकीकडे समुद्रावर गेली. म्हणजे बघायलाही कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं म्हणजे – बाबा होते. माझे सासरे. नागपूरचे, शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. उंच, बारीक, कडक इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय घराबाहेर न पडणारे. इथे आल्या आल्या त्यांनी चालत जायचा लायब्ररीचा रस्ता शोधून काढला. रोज सकाळी चालत लायब्ररीत जायचे, दोन वर्तमानपत्रं वाचायचे, दुपारी परत. वाटेत कुत्री फिरवणाऱ्या लोकांशी ओळखी. तिथल्या बाईंनी त्यांचं लायब्ररी कार्ड करून दिलं तेव्हा ते त्यांनी मला, मिलिंदला, ईशानला, तिघांना वेगवेगळं दाखवलं होतं. इथे आलेले बहुतेक आईवडील दुपारभर खिडकीशी बसून असतात, बघवत नाही. आमचे बाबा तसे नव्हते. आणि मला त्याचाही अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

हां, थोडं विसरायचे. चष्मा शोधत फिरायचे. एकदा गॅसवर दूध ठेवून बाहेर गेले, स्मोक अलार्म वाजला, मिलिंद तेव्हा भयंकर घाबरला होता. दूध मीही ठेवून विसरले आहे. पण माझं वय तेव्हा त्र्याहत्तर नव्हतं ना.

पार्टीच्या आठवड्यातला सोमवार. मिलिंद ऑफिसला, ईशान शाळेत, बाबा लायब्ररीत. मी घरून काम करत होते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे मी – दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला, आणि चांगला मिळतो. पुढचे तीन दिवस पाऊस दाखवत होते. पक्षी घिरट्या घालत होते. चेरी छान लाल झाल्या होत्या. एक तोंडात टाकली – आंबट. मग? तयार फळ आंबटच लागणार, त्यासाठीच तर अढी! सगळ्या मीटिंग कॅन्सल केल्या, गराजमधून शिडी काढली, आणि झाड ओरबाडलं. हो, ओरबाडलंच. गार्डन सेंटरमधून गवताचा भारा आणला होता. गराजच्या मागच्या कोपऱ्यात खाली गवत, त्यावर चेरींचा थर, वर गवत, वर गोणपाट. अण्णा असते तर शाबासकी दिली असती असं मनात आलं. झाडावर पक्ष्यांसाठीची जाळी परत टाकली, वरच्या एक-दोन फांद्या तशाच ठेवल्या. शनिवारी गोणपाट उचलून सगळ्यांना चकित करणार होते मी.

शुक्रवारी दुपारी गोणपाट उचललं.

तुम्ही कधी अढीचा वास घेतलाय? पिकल्या आंब्याचा? मी तो वास नाकात धरूनच खाली वाकले होते. आला तो व्हिनेगरचा. खालचा थर बुरसलेला, मधला सुरकुतलेला, वरच्या चेरी सोमवारी होत्या तशाच्या तशा – लाल, टणक आणि आंबट ढाण. चिलटं तोंडावर आली. मी तिथेच गराजच्या फरशीवर बसले. पहिला विचार काय आला सांगू? फळ फुकट गेलं, हा नाही. ग्रुपवर मी काय लिहिलंय, तो आला.

आणि तेवढ्यात मिलिंद लवकर घरी आला. पार्टीसाठी गवत कापायचं म्हणून मागे गेला, जाळी उचलली, आणि तिथूनच ओरडला – वैशाली, झाड रिकामं आहे! मग गराजमध्ये आला. मी गोणपाट हातात धरून उभी. तो बघतोय त्या ढिगाकडे, मग माझ्याकडे. “हे कुणी केलं?”

आता बघा, त्यानं विचारलंच का असं? कारण मी करीन हे त्याच्या स्वप्नातही येणार नव्हतं. फळांच्या बाबतीत त्याचा माझ्यावर एवढा विश्वास. तो विश्वास मीच त्याच्या डोक्यात घातलेला, लग्न झाल्यापासून, उठता बसता. मी सांगू शकले असते. हसला असता तो. दोन दिवस चिडवलं असतं, मंडळात चार बायका हसल्या असत्या, पुढच्या वर्षी सगळे विसरले असते. एवढंच होतं ते सगळं.

मी म्हणाले, “बाबांनी केलंय बहुतेक.”

बहुतेक. हा शब्द मी मुद्दाम वापरला. म्हणजे खोटं पूर्ण खोटं वाटू नये.

मिलिंदचा चेहरा पांढरा पडला. त्याला चेरींचं काही नव्हतं. बाबा शिडीवर चढले? एकटे? एवढं झाड उतरवलं आणि कुणाला बोलले नाहीत? तो आत गेला, मी मागे. बाबा सोफ्यावर पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. आधी त्यांना प्रश्नच कळला नाही. मग ते ठाम म्हणाले, “मी कशाला काढू? मी नाही काढल्या.” मिलिंदनं गॅसवरच्या दुधाची आठवण काढली. हळू आवाजात, समजावणीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल? सून बिचारी संकोचली, एवढंच. मग त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाले, “असंन बाप्पा. काढल्या असतील.”

नागपूरच्या माणसानं अढी लावली! घरात कुणालाही हा प्रश्न पडला नाही. संत्र्याच्या गावचा माणूस, जन्मात अढी पाहिलेली नाही, गवत कुठून आणणार, गोणपाट कुठून आणणार? मिलिंद इंजिनिअर आहे. पण माणूस घाबरला की गणित करत नाही. आणि मी, जिला चुका शोधायचा पगार मिळतो, मी गप्प.

पार्टी झाली. फार सुंदर झाली. मिलिंद सकाळीच एका फार्मवर जाऊन खोकी भरून चेरी घेऊन आला. मी पिठलं-भाकरी, ठेचा, आम्रखंड, सगळं केलं होतं. बाबा वर खोलीतच थांबले, बरं वाटत नाही म्हणाले. आणि मी सगळ्यांना गोष्ट सांगितली. इतकी रंगवून सांगितली! गोणपाट, चिलटं, व्हिनेगर. लोक हसले, मग हळहळले. निघताना एकेक काकू माझा हात धरून म्हणत होत्या – किती प्रेमानं सांभाळतेस गं सासऱ्यांना, एवढं नुकसान झालं पण एक शब्द बोलली नाहीस. मला भरून आलं होतं. खरंच आलं होतं. त्या क्षणी मला मी तशीच वाटत होते.

इथपर्यंत जे सांगितलं ते एकवेळ कुणीही करील. घाबरला माणूस, बोलून गेला. मी सांगायला बसलेय ते हे नाही. ते पुढे आहे – आणि मी मघापासून तिथे पोचायचं टाळतेय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

सोमवारी सकाळी मी डेकवर चहा घेत बसले होते. घरात आम्ही दोघंच. बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट होता, पण लायब्ररीला निघाले नव्हते. मिलिंदनं आदल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं की आता एकट्यानं जायचं नाही. ते माझ्या शेजारी बसले. झाडाकडे बघत होते. मग म्हणाले, “बेटा, एक विचारतो. खरंखरं सांग. मला काहीच आठवून नाही राहिलं. मीच काढल्या काय गं?”

माणसानं विचारायला यावं ते मला! त्यांना वाद घालायचा नव्हता, मला पकडायचं नव्हतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला होता आणि तो परत मागायला ते माझ्याकडे आले होते. एक ‘नाही बाबा’ – एवढंच लागत होतं. घरात कुणी नव्हतं. मिलिंदला नंतर कसं सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवलं असतं. बाबांनी मला सांभाळूनही घेतलं असतं, तसेच होते ते. मी कपातल्या चहाकडे बघत होते. शनिवारच्या त्या काकू माझ्या डोळ्यांपुढे होत्या. किती प्रेमानं सांभाळतेस गं.

मी म्हणाले, “हो बाबा. तुम्हीच काढल्या. मी खिडकीतून पाहिलं तुम्हाला. मीटिंगमध्ये होते, नाहीतर थांबवलं असतं.”

पाहिलं म्हणाले मी. खिडकीतून. मीटिंगसुद्धा घातली त्यात, त्यांना पुढचा प्रश्न पडू नये म्हणून.

त्यांनी मान हलवली. “बरं झालं सांगितलंस,” म्हणाले. “मिलिंद सांगून राहिला होता, पण तो घरी नव्हता न. तू पाहिलंस म्हणजे झालं.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

हे आहे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं भराभर सांगते, कारण पुढचं सगळं जगासमोर आहे. मी त्यांना खिडकीतून पाहिलं, हे बाबांनीच मिलिंदला सांगितलं. मिलिंदनं त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काही प्रश्न विचारले. बाबा इतके घाबरले होते की सोपी वजाबाकी चुकले. गणिताचे मास्तर. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवणं म्हणजे काय हे मिलिंदनं स्वतःच ठरवलं – शिडीला कुलूप, गॅसला हात लावायचा नाही, बाहेर जायचं तर ईशानबरोबर. कॅरल परत आल्यावर तिलाही कळलं; तीही बाबांशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. लायब्ररीचं कार्ड बाबांनी मिलिंदकडे देऊन टाकलं. परतीचं तिकीट आधीचं करून घेऊन ते नागपूरला गेले. तिथे स्कूटर विकली. गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायचे ते बंद केलं – म्हणाले, चुकीचं शिकवून बसायचो. मग स्वतःचं घर बंद करून माझ्या नणंदेकडे राहायला गेले. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली, हृदयाचं निमित्त झालं. नणंद मला म्हणाली होती, अगं, शेवटपर्यंत त्यांना सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते. पण काही विचारलं की म्हणायचे, मला नको विचारू, माझा काही भरोसा नाही.

त्यांना आजार होता का? असेलही. नसेलही. मला कळायला मार्ग नाही, आणि तो मार्ग मीच बंद केलाय.

आणि ती गोष्ट मात्र छान जगली. आमच्या घरची लाडकी गोष्ट झाली ती. पुढच्याच वर्षी मी कॅरलकडे जाऊन चेरी शिकले – मान खाली घालून शिकले, रोज एक चाखत शिकले, आणि तिच्याहून चांगली झाले. आता दर जूनमध्ये पार्टी होते आणि दर पार्टीत कुणीतरी म्हणतंच, वैशाली, ती सासऱ्यांच्या अढीची गोष्ट सांग ना. मी सांगते. ईशाननं तर कॉलेजला अप्लाय करताना निबंधच त्यावर लिहिला. आठवणी हरवत चाललेले आजोबा, आणि परक्या देशातल्या फळाला आपल्या देशाच्या रीतीनं पिकवायचा त्यांचा प्रयत्न. काय लिहिलंय पोरानं! वाचताना मिलिंद रडला. मी त्यात एकच चूक काढली. ईशाननं लिहिलं होतं, आजोबांनी वर ब्लँकेट घातलं. मी म्हटलं, ब्लँकेट नाही रे, गोणपाट. त्यानं दुरुस्त केलं. त्याला हवं ते कॉलेज मिळालं, आणि मी पेढे वाटले.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मिलिंद आता अठ्ठावन्नचा आहे. हिवाळ्यात तो मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते विसरला. मग एक क्लायंट कॉल विसरला. कुणीही विसरतं. पण तो मध्येच जेवता जेवता थांबतो आणि म्हणतो, “बाबांचं असंच सुरू झालं होतं गं. चेरींपासून.” बाथरूममध्ये सकाळी स्वतःशीच पाढे म्हणतो, मला ऐकू येतं. ऑफिसात मोठं पद देत होते, ते नाही म्हणाला. ईशानला एकदा सांगत होता, आमच्या रक्तात आहे हे, तूही लक्ष ठेव. ईशान फक्त “ओके, डॅड” म्हणाला.

गेल्या महिन्यात मिलिंदनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मीही गेले बरोबर. तरुण मुलगी होती, फार छान बोलत होती. तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का? मिलिंद म्हणाला, वडिलांना. तिनं विचारलं, पहिलं लक्षण कधी दिसलं, नक्की आठवतं का?

मिलिंद माझ्याकडे वळला. “तू सांग. तू पाहिलं होतंस त्यांना.”

खोलीत आम्ही तिघंच. दार बंद. माझ्या नवऱ्याचे डोळे, आणि त्यातली ती भीती. ती एका वाक्यात पुसता आली असती, आणि ते वाक्य जगात फक्त माझ्याकडे आहे.

मी सांगितलं. ते साल. जून महिना. सोमवार होता, हेसुद्धा सांगितलं. शिडी कुठे लावली होती ते सांगितलं.

ती मुलगी टाइप करता करता थांबली आणि कौतुकानं म्हणाली की इतकं नेमकं सांगणारे लोक फार कमी भेटतात, याचा आम्हाला फार उपयोग होतो. मिलिंदनं माझा हात हातात घेतला, म्हणाला, “हिची मेमरी म्हणजे ना! हिच्या भरवशावर तर चाललंय माझं.”

आणि मला – त्या खुर्चीत, त्याचा थंडगार हात हातात असताना – अभिमान वाटला.